खालच्या पट्टीत

३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

शाळेत पत्रलेखनाच्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण मिळत, हे तुला आठवत असेल. त्या पत्रांची एक सोय होती. त्यांना उत्तर यायचे नसे. मायना, मजकूर, समारोप आपापल्या जागी बसले की काम संपले. आज मात्र मायन्यापुढे पेन सरकेना, म्हणून मी टेबलावरचा स्वच्छ पेला उगाच दोनदा विसळून आणला. तेव्हा नमस्कार पोचला असे समज. मी मुद्द्यावर येते.

मला बदलीविषयी विचारले आहे. आमच्या केंद्राचे एक जुळे भावंड पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला आहे. दूरच्या यानांवर सतत कान ठेवायचा तर एक केंद्र पुरत नाही. पृथ्वी फिरते, आणि आमच्या क्षितिजाखाली गेलेले यान तिकडे उगवते. त्या केंद्रात दोन वर्षे काम करायला मिळावे, ही माझी नोकरीला लागल्यापासूनची इच्छा. मार्चच्या मध्यापर्यंत होकार वा नकार कळवायचा आहे. जाऊ नये असे एकच कारण मला दिसते, आणि ते या क्षणी बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत आहे.

बाबांना एकटे टाकून मी जाऊ शकत नाही. या दोन वर्षांत तू अधूनमधून येऊन राहशील का? भाऊजींची सोय पाहूनच ठरव. तुझा फोन येऊन बरेच महिने झाले. मी करते, तर तो क्रमांक बंद असल्याचे एक बाई फार गोड आवाजात सांगते. बाबांपाशी विषय काढला की ते म्हणतात, “रमली असेल ती आपल्या संसारात. चांगलंच आहे की.” आणि वर्तमानपत्राची घडी नव्याने घालतात.

घर तसेच आहे. फक्त तुझी खाट दिसत नाही. निवृत्त होताना बाबांनी छापखान्यातून बिघडलेल्या कागदांचे गठ्ठे घरी आणले. एका बाजूने कोरा असलेला कागद टाकून देणे त्यांना पाप वाटते. ते गठ्ठे तुझ्या खाटेवर छताच्या दिशेने वाढत चालले आहेत. हलवा म्हटले तर ऐकत नाहीत. ‘समोर येऊन बोल’ हा नियमही अजून जारी आहे. शेगडीकडे तोंड करून मी काही बोलले की, “पाठमोरं बोलायची ही काय पद्धत? समोर ये आणि बोल.” इतकी वर्षे सोसूनही ही शिस्त माझ्या अंगवळणी पडलेली नाही.

आई होती तोवर तुझा फोन तीच घ्यायची आणि बाबांच्या पुढ्यात बसून तुझे एकेक वाक्य त्यांना सांगायची. ती गेल्यापासून ते स्वतः घेतात, आणि कोणाचाही असला तरी तीन वाक्यांत उरकतात: “बरा आहे. हो, झालं. नको, काही नको, तू तुझं बघ.” टपालाचा शिक्काही याहून सावकाश उमटत असेल.

माझ्या कामाविषयी मी तुला कधी नीट सांगितलेच नाही, कारण सांगू लागले की तू म्हणायचीस, “पुटपुटू नकोस गं, मोठ्यांदा बोल.” कागदावर मला मोठ्यांदा बोलता येते. आमच्या आवारात एक पांढरी, खोलगट, इमारतीएवढी थाळी आहे. सगळे तिला परात म्हणतात. ती एका यानाकडे तोंड करून इतक्या हळू वळते की टक लावून पाहिले तर स्थिर वाटते आणि चहा पिऊन आले की वेगळ्याच दिशेला पाहत असते. यानांचा आवाज इथवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की तो टिपणारे यंत्र आम्हाला गोठवून ठेवावे लागते. एरवी यंत्राच्या स्वतःच्या उबेचा गोंगाटच त्या आवाजाहून मोठा भरतो.

सध्या मी ज्या यानाच्या मागे आहे त्याला केंद्रात ‘म्हातारी’ म्हणतात. वयामुळे, असे इतरांचे मत. वाऱ्यावर तरंगत जाणाऱ्या त्या पांढऱ्या कापसाळ म्हातारीवरून, असे माझे. गेल्या महिन्यापासून ती सांगितलेले करेनाशी झाली आहे. पडद्यावर तिची एक बारीक रेघ रोज उमटते, म्हणजे ती जिवंत आहे. ‘माहिती पाठव’ अशी आज्ञा आम्ही सकाळी सोडतो. तिने ती पाळली, तर काही तासांनी त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक रेघ उगवायला हवी. उगवत नाही. मी दुपारभर खुर्चीच्या कडेवर बसते.

भाऊजींना नमस्कार. लवकर लिही.

तुझी,
पुटपुटी


१२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

तुझे उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो, हे मला समजते; समजूनही मी रोज फाटकाजवळ उगाच रेंगाळते.

केंद्रात सर्वांचीच चिडचीड चालू आहे. यानांकडे आज्ञा सोडणारे जे यंत्र आहे, ते सांभाळणाऱ्या गृहस्थांना भोंगाकाका म्हणतात. त्यांचा आवाज पाहता परातीची गरजच काय, असा प्रश्न पडतो. त्यांचा सर्व दुखण्यांवर एकच उपाय: जोर वाढवा. आज त्यांनी यंत्राचा जोर परवानगी आहे तितका चढवला, हात झटकले आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“काय व्याकरण, नोंदीत काय लिहिताय?”

(मी सर्वांच्या नोंदींतले ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करते, म्हणून केंद्रात माझे हे नाव पडले आहे.)

“‘प्रतिसाद नाही’, असं.”

“त्यापेक्षा लिहा, म्हातारी हट्टाला पेटलीय.”

“‘हट्ट’ ही तांत्रिक संज्ञा नाही, काका.”

“आमच्या घरी येऊन सांगा हे एकदा. उपकार होतील.”

सगळे हसले. मीही हसले; पण हसणे संपल्यावर ती एकटी रेघ तशीच होती. मोहिमेच्या मुख्य कार्यालयातले लोक म्हणतात, यानाच्या संगणकातच काहीतरी अडकले आहे, आज्ञा पोचते पण अंमल होत नाही. म्हणून आता ‘माहिती पाठव’ ऐवजी ‘संगणक नव्याने सुरू कर’ अशी आज्ञा जाते. तीही निष्फळ.

घरी मी बदलीचे बोलून टाकले. समोर उभे राहून बोलण्याचे धैर्य नव्हते, म्हणून भाजी परतता परतता, पाठमोरीच. “बाबा, मला दोन वर्षं बाहेर पाठवतायत. जाऊ का?” इतके एका दमात. मी गॅस बारीक केला, झाकण ठेवले, पुन्हा काढले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “आज कांदा बारीक चिरलास. बरं केलंस.”

याचा अर्थ ‘जाऊ नकोस’ असाच होतो ना? स्पष्ट नकारसुद्धा मला मिळू नये, कांद्यावर भागावे, याचे फार वाईट वाटले. तुझेही त्यांच्याशी असेच व्हायचे का? तू निदान भांडायचीस. तुझा आवाज चढला की शेजारच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या आणि बाबा मात्र मख्ख बसून राहायचे. ते ऐकत नाहीत, ताई. कोणाचेच नाही.

तुझी,
पुटपुटी


२० फेब्रुवारी

ताई,

मायन्यातले ‘सौ.’ आज मी गाळले आहे. आधीच्या दोन्ही पत्रांत ते होते, आणि वर दोनदा भाऊजी लिहिले होते. ती पत्रे त्या पत्त्यावरून तुझ्या नव्या पत्त्यावर फिरून आली तेव्हा तुझ्या हातात काय पडले, याचा विचार मी काल दिवसभर टाळत होते.

तुझ्या चार ओळी मला पाठ झाल्या आहेत. ‘गेल्या उन्हाळ्यातच मी तिथून निघाले. बाबांना फोन करून विचारलं, मी घरी येऊ का. म्हणाले, नको, काही नको, तू तुझं बघ. तेव्हापासून माझं मी बघते आहे. तू बदलीवर जा, माझी वाट बघू नकोस.’ खाली सही नाही, फोनचा क्रमांक नाही. इतके दिवस तू कुठे राहिलीस, काय खाल्लेस, आजारी पडलीस का, यातले काही विचारण्याचा मला हक्क आहे की नाही, तेही कळत नाही. तू विचारलेस तेव्हा मी कुठे होते? बहुधा परातीखाली, कोणत्या तरी यानाच्या हालहवालीत.

काल कामावर माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. कुंपणाच्या कडेने मी इतक्या फेऱ्या घातल्या, की रखवालदाराने विचारले, “बाई, काही हरवलंय का?” मी म्हटले, “हो.” मग तोही माझ्याबरोबर गवतात पाहू लागला. त्याला काय शोधायचे हे सांगता येईना, म्हणून मी पेनाचे टोपण सांगितले. बिचाऱ्याने कोणाचे तरी एक शोधून दिलेसुद्धा.

घरी आल्यावर मी चपलाही काढल्या नाहीत. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून मी विचारले, “बाबा, ताईला तुम्ही येऊ नको म्हणालात?” त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. मी पुन्हा विचारले. त्यांनी पान सरळ केले, हाताने त्याची चुणी काढली आणि वाचू लागले.

ताई, मला त्या हाताचा राग आला. कागदाची चुणी काढणारा हात.

तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. वाढते, आणि आपले ताट घेऊन आत जाते. आज त्यांनी दारात येऊन विचारले, “काय झालं गं? तोंड का पाडून बसलीस?” मी म्हटले, “काही नाही.” ते थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहिले आणि गेले.

बदलीला मी नकार कळवणार आहे असे समजू नकोस. होकार कळवणार आहे असेही समजू नकोस. मला काही समजत नाही.

तुझी


२५ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र सावकाश वाच. मधूनच रागावून बाजूला ठेवू नकोस. ठेवलेस तर पुन्हा उचल.

आज केंद्रात बैठक झाली. म्हातारीला किती दिवस हाका मारायच्या, परात आता नव्या यानाला द्यावी, असे वरून आले होते. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या फोनमधून मुख्य कार्यालयातले लोक बोलत होते. शेवटी आमच्या केंद्रप्रमुख सरांनी चष्मा काढला आणि मला म्हणाले, “लिहा. निष्कर्ष: यान ऐकत नाही.”

मी लिहू लागले आणि थांबले. तुला ठाऊक आहे, चारचौघांत तोंड उघडायचे म्हटले की मी वहीत डोके खुपसते. पण ते वाक्य चुकीचे होते, आणि चुकीचे वाक्य माझ्या हातून उतरत नाही.

“सर, असं लिहिता येणार नाही.”

“का?”

“‘ऐकत नाही’ म्हणजे ऐकू येऊनही करत नाही. करत नाही, एवढंच आपण पाहिलंय. त्याला ऐकू येतं का, ते कुठे पाहिलंय?”

“सुटलं व्याकरण!” भोंगाकाका म्हणाले. “अहो, एवढ्या जोरात ओरडतोय मी. ऐकू न यायला काय झालं?”

“तुम्ही जोर वाढवलात, काका. पट्टी तीच ठेवलीत.”

खोलीत कोणी हसले नाही, म्हणून मला पुढे बोलावे लागले. यानाचा कान एका ठरावीक पट्टीलाच लावलेला असतो. तिच्या थोडे वर किंवा थोडे खाली कितीही ओरडले तरी त्याच्या लेखी ते बोलणेच नव्हे. आणि गेल्या वर्षी वीज वाचवण्यासाठी म्हातारीच्या पोटात ऊब राखणारा एक तापक आम्हीच बंद केला होता. गारठ्याने तिचा कान खाली उतरला असेल, तर महिनाभर आपण रिकाम्या पट्टीत ओरडत आहोत. आज्ञा पहिलीच ठेवावी, ‘माहिती पाठव’, जोर हवा तर कमी करावा, आणि दर वेळी पट्टी जराशी उतरवून पुन्हा पुन्हा सांगून पाहावे.

फोनमधून कोणीतरी विचारले, “हे कोण बोललं?”

“आमचं व्याकरण,” भोंगाकाका म्हणाले. या वेळी हळू.

आम्हाला आठवडाभराची मुदत मिळाली. मी आनंदात असायला हवे होते. पण बसमध्ये बसले आणि भोंगाकाकांचे वाक्य पुन्हा ऐकू आले: एवढ्या जोरात ओरडतोय, ऐकू न यायला काय झालं? आणि डोळ्यांसमोर आला तो कागदाची चुणी काढणारा हात. मग कांदा. मग ‘समोर येऊन बोल’. मग तुझा चढलेला आवाज आणि बाबांचा मख्ख चेहरा. मग आई, फोन कानाला लावून त्यांच्या पुढ्यात बसलेली. मी एक थांबा आधीच उतरले, कारण बसमध्ये बसवेना.

बाबा खिडकीशीच होते, पाठमोरे. मी दारातून नेहमीच्या आवाजात म्हटले, “बाबा, मी आले.” काही नाही. “बाबा, घरात साप निघालाय.” पान उलटले. “बाबा, छापखाना जळाला.” त्यांनी शांतपणे नाक खाजवले.

मग मी वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आवाज मुळीच काढला नाही. नुसते ओठ हलवले: चहा घेणार?

“अर्धा कप,” ते म्हणाले.

मी तिथेच जमिनीवर बसले. त्यांना काय झाले ते कळले असावे, कारण त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले, आणि चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे हसले.

“कधीपासून, बाबा?”

“मशीनवर सगळेच असे. ते सुरू झालं की कोणाचं कोणाला ऐकू येत नसे. ओठ बघायचे आणि हो म्हणायचं. मग घरीपण तीच सवय लागली.”

“आणि आई?”

“तिला पहिल्यापासून ठाऊक. म्हणून तर फोन ती घ्यायची.”

“आम्हाला का नाही सांगितलंत?”

“बहिऱ्याशी कोण बोलायला बसतं गं? ओरडून कामाचं तेवढं सांगतात आणि उठतात.”

मी फोनचे विचारले. ते म्हणाले, “आवाज येतो, शब्द येत नाहीत. पण अवघड काय त्यात? लोक तेच तीन विचारतात, त्याच क्रमानं. कसे आहात, जेवलात का, काही पाठवू का.”

तेव्हा मी त्यांना सांगितले. सगळे. सरळ समोर बसून, तोंड नीट उघडून, तू सासर सोडल्याचे आणि तू फोन केल्याचे. त्या तिसऱ्या प्रश्नाच्या जागी तू काय विचारलेस ते सांगताना माझे ओठ थरथरत होते. वाटले, त्यांना वाचता येणार नाही.

“पुन्हा म्हण,” ते म्हणाले.

“मी घरी येऊ का.”

“पुन्हा.”

मी पुन्हा म्हटले. त्यांना पहिल्याच वेळी कळले होते.

“आणि मी काय म्हटलं?”

मी ते वाक्य म्हणून दाखवले. ते म्हणाले, “ते तर ‘काही पाठवू का’चं उत्तर आहे.”

ताई, तुला नकार मिळाला नव्हता. तू वेगळा प्रश्न विचारला होतास.

तुझी,
पुटपुटी


२ मार्च

ताई,

म्हातारीने काल ओ दिली. सकाळपासून आम्ही एकच आज्ञा अनेक पट्ट्यांत उतरवत नेली, भोंगाकाका प्रत्येक वेळी “आता बोल, आजी” म्हणत होते. पट्टीच्या थोड्याच पायऱ्या उतरलो आणि आज्ञा सोडायची आमची वेळ संपली. आता वाट पाहण्याखेरीज काही उरले नाही. चहा थंड झाला. कोणी बसेना. मी तर पडद्याकडे पाठ करून उभी होते. कोणीतरी माझ्या खांद्यावर बोट टोचले. वळले, तर रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा. भोंगाकाकांना रडू आवरेना आणि त्यांचे रडणेही त्यांच्या बोलण्याइतकेच मोठे आहे, हे आम्हाला नव्याने कळले.

बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. “मला काही झालेलं नाही,” असे ते रिक्षात तीनदा म्हणाले, आणि तपासणीच्या खोलीत डॉक्टरांच्या तोंडावर मुखपट्टी पाहून अगदी लहान झाले. डॉक्टरांनी काढलेला आलेख मला समजावून सांगावा लागला नाही. वरच्या पट्टीतले जवळजवळ सारे गेले आहे. खालचे बरेच शिल्लक आहे. बाईचा आवाज, त्यात फोनवरचा, त्यात रागाने चढलेला, हा त्यांच्यापर्यंत सगळ्यांत कमी पोचतो. तू इतकी वर्षे त्यांना ऐकू यावे म्हणून जी पट्टी लावत होतीस, नेमकी तीच, ताई. कानाचे यंत्र बनून यायला वेळ लागेल.

पण बाबांना थांबायचे नाही. ते दिवसातून दहादा फोनकडे जातात, उचलतात, ठेवतात. “मी केला आणि तिनं उचलला तर मला कळणार कसं?” म्हणतात. मी सांगितले, आपल्यापाशी तिचा क्रमांकच नाही. त्यावर ते माझ्यावरच रागावले.

म्हणून विनंती. येत्या रविवारी सकाळी फोन कर. फोनचा आवाज मोठा करून आम्ही तो टेबलावर, दोघांच्या मध्ये ठेवू. आईच्या जागी मी बसेन आणि तुझे प्रत्येक वाक्य त्यांना ओठांनी सांगेन. जन्मभर पुटपुटण्यावरून बोलणी खाल्ली; आता पाहा, आवाज न काढता बोलण्याची नोकरी मलाच लागली. आरशासमोर सरावही करते.

तरी तू खालच्या पट्टीत बोल. सावकाश. चिडायचे असेल तर खुशाल चिड, तुला तो हक्क आहे. पण चिडतानाही आवाज चढू देऊ नकोस. आणि तोच प्रश्न विचार. दुसरा कोणताही आधी नको.

तू फोन केला नाहीस, तर मी तुला दोष देणार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा टेबलाशी बसेन.

तुझी,
पुटपुटी


९ मार्च

ताई,

फोनवर तुला जे ऐकू आले ते अपुरे होते. जे दिसायला हवे होते, ते सांगण्यासाठी हे पत्र.

बाबांनी सकाळीच दाढी केली होती. इस्त्रीचा सदरा घातला होता, जणू तू फोनमधून पाहणार होतीस. घंटा वाजली ती त्यांना कळली नाही. टेबल थरथरले ते हाताला कळले. मी बटण दाबले. मग तू विचारलेस, आणि ताई, तुझा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. इतका खालचा, इतका संथ. “बाबा, मी घरी येऊ का?”

मी ओठ उघडले. इतक्या दिवसांचा सराव. एक शब्दही बोलायची वेळ आली नाही. ते आधीच उठले होते.

ते खोलीतून निघून गेले, म्हणून तुला इकडून फक्त शांतता ऐकू आली. तू “हॅलो, हॅलो” म्हणालीस. मी “थांब” म्हटले, पण ते तोंडातल्या तोंडात राहिले, आणि तू नेहमीप्रमाणे म्हणालीस, “पुटपुटू नकोस गं.” आणि मग तो आवाज सुरू झाला. धप्. पुन्हा धप्. तू घाबरून विचारलेस, “काय पडतंय? बाबा पडले का?”

बाबा पडले नव्हते. ते तुझ्या खाटेवरचे गठ्ठे जमिनीवर टाकत होते. एकेक उचलून, छातीशी धरून, धाडकन. आपण केवढा आवाज करतो आहोत, याची त्यांना कल्पनाच नव्हती. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून पाहिले. ज्या कागदाला ते कधी चुणी पडू देत नसत, तो खोलीभर पसरला होता आणि ते त्याच्यावर पाय देऊन पुढचा गठ्ठा उचलत होते.

खाटेची फळी दिसू लागली तेव्हा ते परत आले. धाप लागली होती. त्यांनी माझ्यासमोरचा फोन उचलून कानाला लावला आणि सवयीने म्हणाले, “बरा आहे.” मग म्हणाले, “हो, झालं.” आणि थांबले.

तू ऐकलेस ते इथवर. पुढे नुसता श्वास ऐकून तू फोन ठेवलास. रागाने की रडू आवरेना म्हणून, ते मला माहीत नाही. बाबा मात्र नंतरही किती तरी वेळ फोन कानाला धरून उभे होते. मी समोर जाऊन ओठांनी सांगितले, की तिने ठेवला. त्यांनी मान हलवली आणि तरी धरून ठेवला. तिसरे वाक्य त्यांनी म्हटले नाही, ताई. ते त्यांना म्हणायचे नव्हते, आणि त्या जागी दुसरे कोणते म्हणायचे, याची त्यांना सवय नाही.

ते गठ्ठे म्हणजेच उत्तर होते. तुला ते ऐकू आले. फक्त कोणी समजावून सांगितले नाही. सांगणे माझे काम होते.

मी बदलीला होकार कळवला आहे. ही बातमी बाबांना मी समोर बसून दिली. ते म्हणाले, “आधी का नाही सांगितलंस?” मी कांद्याचे काही बोलले नाही. तिकडचे पहिले काम म्हातारीचेच आहे. इकडे ती मावळली की तिकडे मी तिला हाक मारायची.

तू कधी निघणार, ते कळव; नाही कळवलेस तरी चालेल. एवढेच लक्षात ठेव. आलीस की दार वाजवत बसू नकोस, ते त्यांना ऐकू जाणार नाही आणि तू उगाच परत फिरशील. वळसा घालून खिडकीसमोर ये आणि उभी राहा. ते सकाळपासून तिथेच बसतात. वर्तमानपत्र हल्ली हातात नसते.

तुझी,
पुटपुटी